अखेरच्या तारखेपर्यंत गुणकारी: वनौषधींच्या मलमांपुढील प्रश्न

या व्याख्यानाचा विषय वरकरणी लहान वाटेल. औषधी वनस्पतीचा अर्क काढला, तो मलमात मिसळला, मलम नळीत भरले आणि नळीवर वापराची अखेरची तारीख छापली, तर त्या तारखेपर्यंत नळीतील औषध गुणाने तेच राहिले आहे असे रुग्णाने समजावे काय? भारतासारख्या वनौषधींच्या देशात वनस्पतींच्या गुणांविषयी पुष्कळ बोलले जाते. ते गुण किती दिवस टिकतात याविषयी मात्र फारच थोडे बोलले जाते. वनस्पतीपासून मलमापर्यंतच्या वाटेवरील सर्वांत अवघड टप्पा नेमका हाच आहे.

परंपरेला टिकाऊपणाची जाण होती

प्राचीन वैद्यकाला हा प्रश्न ठाऊक नव्हता असे मानणे चुकीचे ठरेल. सुश्रुतसंहितेत लेपाचे नियम सांगताना शिळा लेप वापरू नये असे स्पष्ट बजावले आहे. लेप ताजा वाटावा, लावावा, आणि एकदा वाळलेला लेप पुन्हा उपयोगात आणू नये, असा तो दंडक आहे. मध्ययुगीन शार्ङ्गधरसंहितेत तर औषधांच्या आयुष्याची गणनाच आढळते. वनस्पती वर्षानंतर गुणहीन होते, चूर्ण दोन महिन्यांनंतर, गुटिका व अवलेह वर्षानंतर. आसव मात्र जितके जुने तितके गुणवान.

या नियमांचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. वैद्याने टिकाऊपणाचा प्रश्न सोडविला तो ताजेपणाने. पाट्यावर वाटलेली ओली हळद किंवा कडुनिंबाचा पाला घटकाभरात रुग्णाच्या अंगी लागत असे. ज्या औषधांना साठवणे भाग होते, त्यांच्यासाठी तेल, तूप आणि मेण यांचा आश्रय घेतला गेला. मेण व तेल यांपासून होणारे सिक्थतैल किंवा पाण्याने शंभर वेळा धुतलेले शतधौत घृत ही आजच्या मलमाची पूर्वरूपेच होत.

आजची व्यवस्था निराळी आहे. औषध एका राज्यात तयार होते, दुसऱ्या राज्यातील गोदामात पडून राहते, उन्हाळ्यात मालमोटारीतून प्रवास करते आणि वर्ष-दीड वर्षानंतर एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील फडताळातून रुग्णाच्या हाती येते. लेपाच्या ज्ञानाचा आधार या औषधाला आहे. पण ज्या ताजेपणावर ते ज्ञान उभे होते तो ताजेपणा आता राहिलेला नाही. त्याची जागा विज्ञानाने भरून काढावयाची आहे.

हळदीचा विजय आणि उरलेले काम

हळदीच्या पेटंटची हकिकत सर्वपरिचित आहे. १९९५ साली अमेरिकेत जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर पेटंट देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले, संस्कृत, हिंदी व उर्दू भाषांतील साहित्यासह ३२ संदर्भ सादर केले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. यातूनच पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. संहितांतील योग पाच आंतरराष्ट्रीय भाषांत जगभरच्या पेटंट परीक्षकांपुढे ठेवण्याची ती योजना होती.

या विजयाचे मोल मोठे आहे. परंतु त्याची मर्यादाही जाणून घेतली पाहिजे. हे ज्ञान जुने आहे आणि ते भारताचे आहे, एवढे त्या निर्णयाने सिद्ध झाले. हळदीचे मलम १८ महिने कसे टिकवावे याचे उत्तर त्या निर्णयात नव्हते आणि असण्याचे कारणही नव्हते.

कडुनिंबाचे उदाहरण याहून बोलके आहे. वनस्पतींवरील बुरशीच्या नियंत्रणासाठी कडुनिंबाच्या तेलावर दिलेले युरोपीय पेटंट २००० साली रद्द झाले आणि २००५ मध्ये त्यावरील अपीलही फेटाळले गेले. याची चर्चा भारतात खूप झाली. पण १९९०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत दिल्या गेलेल्या आणखी एका प्रकारच्या पेटंटकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. कडुनिंबातील अझाडिरेक्टिन हे कीटकनाशक द्रव्य साठवणीत टिकून राहील अशा मिश्रणाचे ते पेटंट होते. ते औषध नसून शेतीसाठीचे उत्पादन होते, तरी त्यातील बोध औषधनिर्मात्यांनीही घ्यावा असा आहे. कडुनिंब कीड मारतो हे गावोगावी ठाऊक होते. तो बाटलीत टिकवावा कसा, हे शोधून काढावे लागले, आणि हक्काचा दावा त्या शोधावर सांगण्यात आला.

डागाचे रसायनशास्त्र

हळदीची अडचण काय आहे हे समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. कपड्यावर पडलेल्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालसर होतो. तोच कपडा कडक उन्हात वाळत घातला की डाग फिका होत जातो. प्रत्येक घरातील या अनुभवात हळदीच्या दोन्ही दुर्बलता प्रकट होतात. तिला क्षार सोसत नाही आणि प्रकाशही सोसत नाही.

हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्यगटामुळे येतो त्यातील प्रमुख घटक कर्क्युमिन होय. १८१५ मध्ये तो प्रथम वेगळा करण्यात आला आणि १९१० मध्ये त्याची रासायनिक रचना निश्चित झाली. हा रेणू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आम्ल स्थितीत तो बऱ्यापैकी स्थिर असतो. सामू, म्हणजे पीएच, ७ च्या वर गेला की तो झपाट्याने तुटू लागतो. ज्या १९९७ साली हळदीचे पेटंट रद्द झाले, त्याच वर्षी तैवानमधील संशोधकांनी एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. शरीराच्या तापमानाला आणि ७.२ सामू असलेल्या द्रावणात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन अर्ध्या तासात विघटित होते. वर्षांची गोष्ट बाजूस राहिली, येथे मिनिटांचा हिशेब आहे. प्रतिऑक्सिकारक द्रव्य घातल्यास हे विघटन मंदावते, हेही त्याच अभ्यासातून दिसून आले. ऑक्सिजन आणि प्रकाश यांच्या प्रभावाने कर्क्युमिनचे जे तुकडे होतात त्यांत व्हॅनिलिन व फेरुलिक आम्ल यांसारखी साधी द्रव्ये आढळतात. मलमाचा रंग थोडा उतरलेला दिसतो. औषधाचा अंश किती उतरला हे डोळ्यांना दिसत नाही.

या संदर्भात आणखी एक बाब प्रांजळपणे मांडणे आवश्यक आहे. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका अग्रगण्य नियतकालिकात कर्क्युमिनवरील संशोधनाचा कठोर आढावा प्रसिद्ध झाला. १२० हून अधिक वैद्यकीय चाचण्या होऊनही एकही दुहेरी-अंध, प्लासिबो-नियंत्रित चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असा त्या लेखकांचा निष्कर्ष होता. रेणूची अस्थिरता हे त्यांनी दाखविलेल्या कारणांपैकी एक. हा निष्कर्ष एका वेगळ्या काढलेल्या रेणूविषयी आहे, संपूर्ण हळदीविषयी किंवा लेपाविषयी नाही, असे कोणी म्हणू शकेल. पण म्हणूनच संपूर्ण अर्काचे औषध करणाऱ्यांवर ते टिकते व उपयोगी पडते हे दाखविण्याची जबाबदारी अधिक येते.

शेतातच ठरणारी गुणवत्ता

मलमाची स्थिरता कारखान्यात सुरू होत नाही. ती शेतात सुरू होते. हळदीतील कर्क्युमिनचे प्रमाण वाण, माती, काढणीचा काळ आणि त्यानंतरची प्रक्रिया यांवर अवलंबून असते. अनेक प्रचलित वाणांत ते २ ते ४ टक्के असते, तर मेघालयाच्या जैंतिया टेकड्यांतील लाकाडोंग हळदीत ६ ते ७ टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून अधिक आढळते. वर्धा जिल्ह्यातील वायगाव, सांगली, ओडिशातील कंधमाल आणि लाकाडोंग या हळदींना अनुक्रमे २०१६, २०१८, २०१९ आणि २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. या नोंदींमुळे प्रदेशाची ओळख जपली जाते. औषधनिर्मात्याला मात्र त्यापुढे जाऊन प्रत्येक खेपेचे रासायनिक मोजमाप करावेच लागते.

काढणीनंतर हळकुंडे शिजवणे, वाळवणे आणि साठवणे या प्रत्येक पायरीवर गुणवत्ता घसरू शकते. नीट न वाळलेल्या हळकुंडावर बुरशी येते आणि बुरशीबरोबर अफ्लाटॉक्सिनसारखी विषे येण्याची भीती असते. रंग खुलावा म्हणून लेड क्रोमेटसारखे शिशाचे विषारी संयुग मिसळण्याचे प्रकार भारतीय उपखंडात उघडकीस आले आहेत. खरचटलेल्या त्वचेवर लावावयाच्या औषधात असे शिसे असणे किती घातक, हे सांगावयास नको. म्हणून कच्च्या मालाची ओळख, जड धातू, कीटकनाशकांचे अवशेष व जंतूंचे प्रमाण यांची तपासणी हा औषधनिर्मितीचा पहिला धडा ठरतो.

त्यानंतर येतो अर्क. पाण्याने काढलेला अर्क, अल्कोहोलने काढलेला अर्क आणि उच्च दाबाखालील कार्बन डायऑक्साइडने काढलेला अर्क हे एकाच वनस्पतीचे असले तरी रासायनिकदृष्ट्या तीन निरनिराळे पदार्थ असतात. पाण्याच्या अर्कात शर्करा आणि श्लेष्मल द्रव्ये अधिक, अल्कोहोलच्या अर्कात कर्क्युमिनसारखी रंगद्रव्ये अधिक, तर कार्बन डायऑक्साइडच्या अर्कात सुगंधी तेल अधिक. ‘हळदीचा अर्क’ असे लेबलावर लिहिल्याने काहीच निश्चित होत नाही. कोणत्या भागाचा, कोणत्या द्रावकाने, वनस्पती व अर्क यांच्या कोणत्या प्रमाणात आणि त्यात दर्शक घटक किती टक्के, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच तो अर्क औषधाच्या पात्रतेला पोहोचतो. अर्काचा रासायनिक ठसा एचपीटीएलसी या पद्धतीने घेता येतो आणि एचपीएलसीने घटकांचे अचूक मापन होते.

आधारद्रव्याची निवड

अर्क चांगला असला तरी तो कशात मिसळला यावर त्याचे भवितव्य अवलंबून असते. या आधारद्रव्यालाच सामान्यतः क्रीम, मलम किंवा जेल असे म्हटले जाते. स्टिअरिक आम्ल व क्षार यांच्या संयोगाने तयार होणाऱ्या जुन्या पद्धतीच्या क्रीममध्ये साबणच तयार होतो आणि त्याचा सामू ७ च्या वर जातो. अशा क्रीममध्ये हळदीचा अर्क घालणे म्हणजे डागाला साबण लावण्यासारखेच झाले. येथे निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. निरोगी मानवी त्वचेचा पृष्ठभाग स्वतःच आम्लधर्मी, साधारण ४.५ ते ५.५ सामूचा असतो. कर्क्युमिनला मानवणारा सामू आणि त्वचेला मानवणारा सामू जवळपास एकच आहे. म्हणून साबणविरहित पायसीकारक आणि सौम्य आम्लधर्मी आधारद्रव्य हा योग्य मार्ग ठरतो.

यानंतर ऑक्सिजन, धातूंचे सूक्ष्म अंश व प्रकाश या तीन शत्रूंचा बंदोबस्त करावा लागतो. प्रतिऑक्सिकारक द्रव्ये ऑक्सिजनचा परिणाम रोखतात. पाण्यातून किंवा यंत्रातून येणारे लोहाचे सूक्ष्म अंश ऑक्सिडीभवनाला गती देतात; त्यांना बांधून ठेवणारे द्रव्य अल्प प्रमाणात घालता येते. प्रकाशासाठी अपारदर्शक वेष्टन हवे. ॲल्युमिनियमची नळी प्रकाश व हवा दोन्ही अडवते. पण आम्लधर्मी क्रीम धातूला खाऊ नये म्हणून नळीला आतून लाखेसारखा लेप असावा लागतो. रुंद तोंडाची पारदर्शक डबी दुकानात सुंदर दिसते, परंतु प्रत्येक वेळी झाकण उघडताच तिच्यात हवा, प्रकाश आणि बोटावरचे जंतू एकदम शिरतात.

कर्क्युमिन पाण्यात विरघळत नसल्याने ते सायक्लोडेक्स्ट्रिन या शर्करेच्या कड्यात अडकवणे, लायपोसोम किंवा घन मेदाच्या अतिसूक्ष्म कणांत साठवणे अशा पद्धतींवर पुष्कळ संशोधन झाले आहे. या पद्धतींनी स्थिरता आणि त्वचेतील प्रवेश दोन्ही सुधारू शकतात. मात्र त्या खर्चिक आहेत आणि त्यांची स्वतःची स्थिरताही तपासावी लागते. अनेकदा योग्य सामू, तेलाचा योग्य अंश आणि योग्य नळी या तीन साध्या गोष्टींनीच बरेचसे काम साधते. ग्रामीण उद्योगाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

जंतूंनाही अर्क आवडतो

वनस्पतीचा अर्क जंतुनाशक असेल तर मलमाला परिरक्षकाची गरज काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. याचे उत्तर असे की, अर्कात औषधी द्रव्याबरोबर शर्करा, प्रथिने आणि खनिजे असतात, आणि पाणी असलेल्या क्रीममध्ये ती जंतूंचे खाद्य होतात. शिवाय नेहमीची परिरक्षके तेलात किंवा पायसीकारकाच्या कणांत ओढली जातात आणि पाण्याच्या अंशात, जेथे जंतू वाढतात तेथे, ती अपुरी पडतात. म्हणून परिरक्षकाची क्षमता प्रत्यक्ष तपासून पाहावी लागते. औषधसंहितांतील पद्धतीनुसार तयार क्रीममध्ये मुद्दाम ठराविक जिवाणू व बुरशी सोडतात आणि २८ दिवसांपर्यंत त्यांची संख्या किती घटते ते पाहतात. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा पाण्यात सहज वाढणारा जिवाणू या चाचणीत हमखास असतो, कारण भाजलेल्या जखमेत तो शिरला तर परिणाम गंभीर होऊ शकतात. ‘परिरक्षकविरहित’ हे शब्द लेबलावर आकर्षक वाटतात, परंतु जखमी त्वचेच्या रुग्णाला त्यांची किंमत मोजावी लागू शकते. पाणी नसलेली तेल-मेणाची मलमे या बाबतीत अधिक सुरक्षित असतात. सिक्थतैलाची परंपरा येथे आजही मार्गदर्शक ठरते.

काळाची परीक्षा

स्थिरतेची चाचणी म्हणजे औषधाला काळाच्या स्वाधीन करून ठराविक अंतराने त्याची विचारपूस करणे. दीर्घकालीन चाचणीत नमुने भारताच्या हवामानाशी जुळणाऱ्या, साधारण ३० अंश सेल्सिअस तापमानात व ठराविक आर्द्रतेत ठेवले जातात. वेगवर्धित चाचणीत ते ४० अंश तापमान व ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवतात. दर वेळी रंग, वास, सामू, घट्टपणा, पायस फुटणे, जंतूंची संख्या आणि दर्शक घटकांचे प्रमाण नोंदवले जाते. उत्तर भारतातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि कोकण-मलबारच्या पावसाळ्यात हवा महिनोन्महिने दमट असते. ज्या देशातील औषध लेहपासून कन्याकुमारीपर्यंत जाणार आहे, तेथे ही चाचणी म्हणजे रुग्णाशी केलेल्या कराराचा पाया आहे.

वनौषधींच्या बाबतीत येथे एक विशेष अडचण येते. रासायनिक औषधात सहसा मोजावयाचा एक रेणू असतो. अर्कात शेकडो असतात आणि त्यांतील कोणता गुणकारी हे पुष्कळदा निश्चित नसते. दर्शक घटक कायम राहिला म्हणून अन्य घटकही कायम राहिले असे म्हणता येत नाही. यासाठी सुरुवातीचा आणि अखेरचा संपूर्ण रासायनिक ठसा ताडून पाहणे श्रेयस्कर ठरते. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ज्ञात गुणकारी घटकात ५ टक्क्यांपर्यंत आणि केवळ दर्शक असलेल्या घटकात १० टक्क्यांपर्यंतचा फरक सामान्यतः मान्य केला जातो. यावरून कसोटी किती कडक आहे याची कल्पना येईल.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे

टिकाऊ औषध सुरक्षितही असले पाहिजे. बिब्ब्याचे तेल अंगावर उतले की फोड येतात, हे महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक असते. तरीही ‘वनस्पतीचे आहे, अपाय होणार नाही’ असे तीच माणसे सहज म्हणतात. बावची हे दुसरे उदाहरण. पांढऱ्या डागांवर बावचीच्या बियांचा उपयोग प्राचीन आहे आणि त्यातील सोरालेनमुळे त्वचा सूर्यप्रकाशाला संवेदनशील होते. याच गुणामुळे ती उपयोगी पडते आणि याच गुणामुळे मात्रा चुकली तर त्वचा भाजते. अर्कातील सोरालेनचे प्रमाण खेपेगणिक बदलत असेल तर रुग्णाने उन्हात किती वेळ बसावे हे कोणताही वैद्य सांगू शकणार नाही. प्रमाणीकरणाचा प्रश्न येथे थेट रुग्णाच्या कातडीशी येऊन भिडतो.

याहून चिंतेची गोष्ट अशी की, ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये न सांगता मिसळलेली तीव्र स्टिरॉइड औषधे निरनिराळ्या देशांच्या नियामकांना आढळली आहेत. लवकर गुण येतो तो त्यांचा, आणि नंतर त्वचा पातळ होते तीही त्यांच्यामुळे. अशा प्रत्येक प्रकाराने प्रामाणिक वनौषधींची विश्वासार्हता खालावते.

कायद्याची चौकट

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. ग्रंथोक्त योग आणि स्वामित्वाधीन योग असे त्यांचे दोन मुख्य प्रकार असून परवाना राज्याच्या प्राधिकरणाकडून मिळतो. २००० साली अनुसूची ‘टी’ द्वारे या औषधांसाठी उत्तम उत्पादन पद्धतींचे नियम लागू झाले. त्याच वर्षी राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झाले. २०१४ मध्ये स्वतंत्र आयुष मंत्रालय अस्तित्वात आले.

३० नोव्हेंबर २०१५ च्या अधिसूचनेने एक नवा मार्ग खुला केला. ‘फायटोफार्मास्युटिकल’ म्हणजे वनस्पतीच्या अर्काचा शुद्ध व प्रमाणित अंश, ज्यात किमान चार घटक गुणात्मक व परिमाणात्मक दृष्टीने निश्चित केलेले असतील. पोटात घेण्याची तसेच बाहेरून लावण्याची औषधे या व्याख्येत बसतात. टोचून द्यावयाची बसत नाहीत. या मार्गाने येणाऱ्या औषधाला सुरक्षितता, परिणामकारकता आणि स्थिरता यांचे पुरावे केंद्रीय नियामकापुढे ठेवावे लागतात. हा मार्ग लांब व खर्चाचा आहे. पण ग्रंथाधाराच्या जोडीला मोजमापाचा आधार देणारा तो मार्ग आहे, आणि भारतीय वनौषधीला जगातील कोणत्याही रुग्णालयाच्या दारात उभे करण्याचे सामर्थ्य त्यात आहे.

लहान उद्योगाने काय करावे

मूल्यवर्धनाचा मंत्र आता गावोगावी पोहोचला आहे. हळद विकण्याऐवजी हळदीची क्रीम विकावी, असा सल्ला शेतकरी उत्पादक कंपन्यांना आणि महिला बचत गटांना सर्रास दिला जातो. त्यामागील हेतू चांगला आहे. कच्च्या मालाचा भाव पडला की सर्वांत आधी शेतकरी आणि रानातून वनस्पती गोळा करणारी आदिवासी कुटुंबे भरडली जातात. परंतु स्थिरतेची तपासणी न केलेली क्रीम ही मूल्यवर्धन नव्हे. सहा महिन्यांनी परत येणारा माल आणि गमावलेले गिऱ्हाईक म्हणजे नुकसानच होय. एखाद्या बचत गटाला एचपीएलसी यंत्र घेणे शक्य नाही आणि त्याची अपेक्षाही करू नये.

यावर दोन प्रामाणिक मार्ग संभवतात. पहिला मार्ग सुश्रुताचा. लहान उद्योगाने पाणी नसलेले तेल-मेणाचे साधे मलम निवडावे, ते थोड्या प्रमाणात, आवश्यक त्या परवान्यानिशी तयार करावे, जवळच्या बाजारात विकावे आणि तपासणीच्या आधाराने वापराची मुदत कमी, पण खरी छापावी. कमी मुदतीत कमीपणा नाही. दुसरा मार्ग प्रयोगशाळेचा. ज्यांना दूरच्या बाजारात जावयाचे आहे त्यांच्यासाठी औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालये, कृषी विद्यापीठे आणि शासनमान्य औषध चाचणी प्रयोगशाळा यांनी सामायिक सेवा उपलब्ध करून द्यावी. देशातील शेकडो महाविद्यालयांत दरवर्षी पदव्युत्तर प्रबंधांसाठी वनौषधींची क्रीम तयार होते. तिची चाचणी बहुधा प्रबंधाच्या मुदतीबरोबर संपते आणि नमुने कपाटात राहून जातात. याच प्रबंधांना एखाद्या स्थानिक उत्पादकाच्या खऱ्या मलमाची दोन वर्षांची स्थिरता-नोंद जोडली, एका विद्यार्थ्याने सुरू केलेली नोंद पुढच्याने पूर्ण केली, तर विद्यार्थ्याला खरा प्रश्न मिळेल आणि उत्पादकाला खरे उत्तर.

त्याचबरोबर शेतकऱ्याला मोबदलाही गुणवत्तेनुसार मिळाला पाहिजे. हळदीचा भाव केवळ वजन, रंग आणि झळाळी यांवर ठरत राहिला, तर झळाळी वाढविण्याचे अनिष्ट मार्गच फोफावतील. कर्क्युमिनचे प्रमाण, शिशाची अनुपस्थिती आणि योग्य वाळवण यांवर भाव ठरू लागला, तर कंधमालच्या डोंगरातील आदिवासी शेतकरी आणि सांगलीच्या मळ्यातील बागायतदार हे दोघेही औषधनिर्मितीचे पहिले भागीदार ठरतील. २०२५ मध्ये निजामाबाद येथे कार्यान्वित झालेल्या राष्ट्रीय हळद मंडळाकडून या दिशेने अपेक्षा बाळगणे रास्त आहे.

जखमेवर मलम लावणारी व्यक्ती, मग ती लडाखमधील जवान असो की मराठवाड्यातील शेतमजूर, नळीच्या टोकावर छापलेल्या तारखेशिवाय दुसरे काहीही तपासू शकत नाही. पूर्वी लेप वाटणारा वैद्य समोर असे आणि त्याच्या ताज्या लेपावर विश्वास ठेवता येई. आज त्या वैद्याच्या जागी एक तारीख आहे. त्या तारखेमागे शेतातील काळजी, अर्काचे मोजमाप, आधारद्रव्याची योग्य निवड आणि दोन उन्हाळे व दोन पावसाळे पाहिलेली नोंदवही असेल, तर ती तारीख विश्वासाला पात्र ठरेल. ती नोंदवही प्रत्येक वनौषधी उत्पादनामागे असावी, हे येत्या काळातील विद्यार्थी, उत्पादक आणि नियामक या तिघांचेही काम आहे.